खंडेनवमीला बसवलेला आडवा बार

“हे खेळ बाजूला ठेव गं,” आण्णा म्हणाले, आणि माझा पत्र्याचा डबा पाटावरनं उचलून त्यांनी उंबऱ्याजवळ चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला.

खंडेनवमी होती. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज आणि गॅरेजाच्या पाठीलाच घर. सकाळपासून आई आणि मी रॉकेलनं हत्यारं धूत होतो. पाने, पकडी, हातोड्या, जॅक, ड्रिल मशीन. वर्षभराचं ग्रीस आमच्या नखांत गेलं होतं. धुवायची आम्ही, पुसायची आम्ही, झेंडूच्या माळा ओवायच्या आम्ही. मग आण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येणार आणि हळदकुंकू वाहणार. एकदा हळदकुंकू पडलं की हत्यार झोपलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की आण्णा पूजा हलवणार, तोवर त्याला कुणी शिवायचं नाही. गिऱ्हाईक गाडी ढकलत बोंबलत आलं तरी नाही. आख्ख्या गल्लीचा हाच कायदा. शेजारच्या बाबालालचाचांचं लेथ मशीन तर आमच्याही आधी झेंडूनं मढलेलं असायचं.

“राहू दे की आण्णा तिथं,” मी म्हटलं. “माझीपण हत्यारंच हायत.”

“तोंड फाकलेली भंगारातली?” आण्णांनी मागं वळूनही बघितलं नाही. “हत्यारं म्हणं.”

भंगारातली होती, खरं आहे. गॅरेजातले लोक तोंड फाकलं की पाना कोपऱ्यात फेकायचे. तो मी उचलायची, ठोकून, कानस मारून सरळ करायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. अशी आठ वर्षं. आता बावीस वर्षांची झाले होते आणि डब्यात आठापासून चोवीसपर्यंत सगळे नंबर होते. दर खंडेनवमीला मी तो डबा पाटावर ठेवायची आणि दर खंडेनवमीला आण्णा तो उचलायचे.

पाटाच्या मधोमध मात्र चौदाचा एक चकचकीत पाना होता. दादाचा. दादा पाचवीत असताना आण्णांनी हौसेनं आणलेला. दादा आता पुण्याला बँकेत. स्कूटरची हवा गेली तर तो रिक्षा करतो. पण त्याच्या पान्याला दर वर्षी फूल, अक्षता आणि वर आण्णांचा नमस्कार. मला त्या पान्याचा इतका राग होता, की तो पुसताना मी मुद्दाम फडक्याचा मळका कोपरा वापरायची.

आण्णांनी नारळ फोडला. कोहळा कापला. हळदकुंकू पडलं. आणि बरोबर तेव्हाच गल्लीच्या तोंडाला सिद्धगोंडा दिसला. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

“रेणे! मिळाला गं बार!” तो लांबूनच ओरडला.

सिद्धगोंडा चौगुले माझ्या कॉलेजातला. शर्यतीत माझ्या शेजारी बसून तो पुढची वळणं सांगणार होता. शर्यत म्हणजे कावळटेकच्या घाटाची. दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. आणि गाडी म्हणजे माझी लाल हॅचबॅक. अपघातात चेपून आमच्या गॅरेजात आली आणि मालकानं भंगार म्हणून सोडून दिली. ती मी उभी केली. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. फक्त वळणावर तिचं अंग पिळवटायचं, धुणं पिळल्यासारखं. डावीकडं घेतलं की मागचं दार कुरकुरायचं, उजवीकडं घेतलं की फट दिसायची. त्यावर औषध एकच. मागच्या सीटच्या पाठीला, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाड लोखंडी नळी आडवी टाकायची आणि सीटबेल्टच्या बोल्टांनीच आवळायची. मग गाडीच्या दोन्ही बरगड्या एकमेकींना धरून राहतात.

क्लबचा नियमच होता. आत आडवा बार नसेल तर गाडी रेषेवर उभी करायची नाही. नाव घालायला गेले तेव्हा क्लबचा सेक्रेटरी मला नखशिखांत बघून म्हणाला होता, “बारबिर जमेल ना मॅडम? नाहीतर पायथ्याला बायकांसाठी रांगोळीची स्पर्धा ठेवलीय आपण.” शेजारचे चौघे खीखी हसले होते. मी त्याच्या टेबलावरचा पेन उचलून नाव लिहिलं आणि पेन खिशात घालून घरी आले. त्या पेनानं आई पुढं वर्षभर दुधाचा हिशोब लिहीत होती.

बार करणाऱ्यानं मात्र आठवडाभर ‘उद्या देतो’ करून शेवटी खंडेनवमीला दिला होता.

“चल, लावतो लगेच,” मी म्हटलं. आमच्याकडं पोरीपण ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याच्या वहिनीला त्याचं फार हसू येतं. येऊ दे.

“कशानं लावतीस?” आण्णा पाटासमोर मांडी घालून बसले होते. “हत्यारं झोपली.”

“आण्णा, उद्या सकाळी शर्यत हाय.”

“मग त्या बार करणाऱ्याला आधी सांगायचं हुतं.”

“एकच पाना द्या. सतराचा.”

“रेणे,” आण्णांचा आवाज खाली आला. तो खाली आला की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा. “माझ्या बापानं खंडेनवमीला हातोडीला हात लावला न्हाई. मी लावला न्हाई. तुझ्या शर्यतीसाठी मोडायचं व्हय?”

सिद्धू आणि मी आख्खं उद्यमनगर पालथं घातलं. जिथं जावं तिथं कुलूप आणि कुलपाला झेंडूचं फूल. एका ठिकाणी गॅरेज उघडं दिसलं म्हणून धावत गेलो, तर मालक प्रसाद वाटत होता. त्यानं आमच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, “परवा या.”

परत आलो ते तोंड पाडून. सिद्धू बार घेऊन रस्त्याकडंला उभा राहिला आणि मी उंबऱ्यावर बसकण मारली. डोक्यात त्या सेक्रेटरीचं हसू फिरत होतं आणि डोळ्यांपुढं रांगोळी. रागानं पाय झाडला तर तो डब्याला लागला. डबा खडखडला. माझीपण हत्यारंच, म्हणजे तीपण झोपलेली, असंच मी तोवर धरून चालले होते.

मी डब्याकडं बघितलं. मग पाटाकडं. मग आण्णांकडं.

“आण्णा, हा डबा पुजलाय?”

“कुठला?”

“हाच. चपलांजवळचा.”

“खेळ कुणी पुजतंय व्हय?”

“म्हणजे ह्यातली हत्यारं झोपल्याली न्हाईत.”

“ती हत्यारंच न्हाईत.”

“मग तर मिटलंच की! आज हत्याराला हात लावायचा न्हाई, मी लावत न्हाई. मी आपला खेळतो.”

आतून आईचं हसणं ऐकू आलं. फिस्सकन, दाबलेलं. बाबालालचाचा त्यांच्या पायरीवर पान लावत बसले होते. ते म्हणाले, “मिस्त्री, पोरीनं कायद्यात धरलं बघा तुमास्नी.”

आण्णांनी समईची वात उगाचच पुढं सारली. मी डबा उचलला आणि गल्लीत, गाडीच्या मागच्या दारात जाऊन बसले.

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी मागची सीट पाडली, बाजूचे प्लॅस्टिकचे पत्रे काढले, आणि मान वर केली तर गाडीभोवती गर्दी. गल्लीतले सगळे मिस्त्री. नाहीतरी दिवसभर कुणालाच काम नव्हतं. सगळे अंघोळ केलेले, कपाळाला टिळे, इस्त्रीचे शर्ट, आणि एकालाही पाना उचलायची मुभा नाही. नुसतं बघायचं. त्यांच्या हातांना असली खाज सुटली होती म्हणता!

“क्लिप तुटंल ती, दमानं.”

“खालनं वढ, खालनं.”

“सतराचा न्हवं तो, एकोणीसचा लाव.”

“सतराचाच हाय,” मी म्हटलं.

“ए, ती बरोबर बोलाली, सतराचाच हाय.”

आठ वर्षं गॅरेजात हीच बडबड मी ऐकली होती. पण इतर दिवशी बडबडीच्या मागनं एक हात यायचा आणि ‘बाजूला सर, तुला जमायचं न्हाई’ म्हणून माझ्या हातातला पाना काढून घ्यायचा. एकदा नाही, रोज. बोल्ट मी सैल करायचा आणि शेवटचा आटा त्यांनी फिरवायचा. त्या दिवशी आख्ख्या उद्यमनगरात पाना धरलेला हात एकच होता, आणि तो माझा. मी मुद्दाम सावकाश काम करत होते.

सीटबेल्टचा डावीकडचा बोल्ट सुटला. उजवीकडचा सुटेना. गंजून जाम. मी दोन्ही पाय गाडीच्या पत्र्याला लावून ओढलं, सिद्धूनं ओढलं. पाना वाकेल की काय असं वाटलं, बोल्ट हलला नाही.

“पान्याला मागनं पाईप घाल,” कुणीतरी म्हणालं. “लांब झाला की जोर येतोय.”

“पाईप पुजलाय.”

“पाईप हत्यार हाय का पण?”

“पाटावर ठेवला म्हंजे हत्यार.”

“आरं, पाटावर नारळपण ठेवलाय, त्यो काय हत्यार हाय?”

यावर मोठा वाद पेटला. एकजण भटजींना विचारून येतो म्हणून निघालासुद्धा. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आई आली. हाताला राख, हातात फुंकणी. आमचं अंघोळीचं पाणी तेव्हा अजून परसातल्या चुलीवर तापायचं. फुंकणी म्हणजे लोखंडी नळी, हातभर लांब, आतून पोकळ.

“हे बसतंय का बघ,” ती म्हणाली.

“अगं, चुलीची फुंकणी ती!” आण्णा गॅरेजातनं ओरडले. म्हणजे ते तिथं बसून सगळं ऐकत होते.

“व्हय, चुलीचीच हाय,” आई म्हणाली. “इतकी वर्षं ह्या घरात फुंकतोय मी. कुणी हळद लावलीया काय तिला? मग जागीच हाय ती. घे गं.”

फुंकणी पान्याच्या दांड्यावर अशी बसली, जणू त्याच्यासाठीच केली होती. मी टोकाला धरलं, आईनं माझ्या हातांवर हात ठेवले. दोघींनी मिळून अंग टाकलं. फुंकणी मधेच थोडी वाकली, आणि मग ‘कट्ट’ असा आवाज झाला.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. आई पदरानं तोंड पुसत आत निघून गेली, जणू दूध उतू गेलं होतं.

आता बार. सिद्धूनं पोतं सोडलं. काळा रंग, दोन्ही टोकांना भोकांच्या पट्ट्या. डाव्या बाजूचा बोल्ट सहज गेला. उजव्या बाजूला पट्टीचं भोक आणि खांबाचं भोक यांत बोटभर फरक. वर ढकललं, खाली दाबलं. जमेना.

“तोकडा केलाय त्या भाड्यानं!” सिद्धू रडकुंडीला आला. “वाटोळं झालं रेणे.”

“भोक मोठं करा.”

“कशानं? ड्रिलला माळ घाटलीया.”

“वाकवा थोडा.”

“घाला की मग चुलीत.”

गर्दीपुढं रडायचं नव्हतं म्हणून मी डोकं गाडीच्या आतच ठेवलं. इतक्या जवळ येऊन बोटभरानं राहणार. तो सेक्रेटरी उद्या काय म्हणेल, ते मला शब्दाशब्दानं ऐकू येत होतं. बाहेरची बडबड एकदम थांबली. मी वळून बघितलं तर गर्दी बाजूला झाली होती आणि मधे आण्णा उभे होते. हात पाठीमागं, बोटांत बोटं अडकवलेली, जणू हात सुटले तर पळून जातील.

त्यांनी बाराकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून चाकांकडं बघितलं.

“मागचं चाक गटारीच्या फरशीवर चढलंय,” ते म्हणाले. “गाडी उतारावर हाय. पिळवटलीया ती आत्ताबी. पिळवटल्याल्या अंगाला सरळ बार कसा बसंल?”

इतके मिस्त्री जमले होते, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.

“सपाट जागा कुठं हाय गल्लीत?” सिद्धूनं विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळा रस्ता गटारीकडं उतरता. सपाट जागा एकच, आमच्या गॅरेजातली फरशी. आण्णांनी स्वतः पाणी ओतून ओतून, पातळी बघत घातलेली. आणि तिथं पूजा मांडलेली.

आण्णांनी वळून आत पाटाकडं बघितलं.

“पाट भिंतीकडंला हाय,” ते शेवटी म्हणाले. “गाडी मावंल.”

“ढकलायला हात लावला तर चालंल न्हवं मिस्त्री?” बाबालालचाचांनी विचारलं.

“हात म्हंजे हत्यार न्हाई.”

असं म्हणायचा अवकाश, सगळे तुटून पडले. दिवसभर तळमळलेले हात. गाडी अक्षरशः तरंगत आत गेली. समोर झेंडूत झोपलेली सगळी हत्यारं, समई, उदबत्तीचा धूर आणि मधे माझी लाल गाडी, चारी चाकं सपाट. मी बार लावला. उजव्या बाजूचा बोल्ट बोटानं ढकलला आणि तो सुळकन आत गेला.

“हातानं फिरीव आधी,” आण्णा माझ्या खांद्यामागं उकिडवे बसले होते. “दोन्हीकडचे धरू देत. मग पाना लाव. एकदम एका बाजूचा आवळू नगंस. हां. आता ह्यो. आता परत त्यो.”

मी मागं बघितलं. आण्णांचा उजवा हात हवेत फिरत होता. मूठ वळलेली, मनगट अर्धा फेर जाऊन परत येत होतं. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. मी जेव्हा आवळत होते तेव्हा तेही आवळत होते.

“बास,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

“मागचं दार लाव,” आण्णा म्हणाले.

मी लावलं. धप्प. एकच आवाज. ना कुरकूर, ना फट. बाबालालचाचांनी परत उघडून लावून बघितलं. मग प्रत्येकानं एकेकदा लावून बघितलं. धप्प, धप्प, धप्प. आई आतून ओरडली, “दार मोडतंय आता!”

शर्यतीचं सांगण्यासारखं फार नाही. आम्ही घाट चढलो, सिद्धू पाचव्या वळणाला वळण सांगायचं सोडून ओकला, गाडी मात्र कुठं कुरकुरली नाही. सगळ्यांत धरलं तर मी मधेच कुठंतरी आले. बायकांत मी एकटीच होते, म्हणून पहिली. पुरुषांच्या पहिल्या नंबराला टायरचा जोड आणि मला मिक्सर. सेक्रेटरी मिक्सर देताना म्हणाला, “घरी उपयोगी पडेल.” मी म्हटलं, “तुमच्या घरी न्या, तुमच्या उपयोगी पडंल,” आणि तिथंच ठेवून आले. आईला हे कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला मिक्सर हवा होता.

आण्णा शर्यतीबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते असंच. वर्ष गेलं.

पुढच्या खंडेनवमीला मी झेंडूची पाटी घेऊन गॅरेजात आले. डबा पाटावर ठेवून त्यांच्याशी भांडायच्या तयारीनं आले होते, काय बोलायचं तेही ठरवून. डबा जागेवर नव्हता. चपलांजवळही नव्हता.

तो रिकामा होऊन कोपऱ्यात पडला होता. पाटाच्या मधोमध, लाल कापडावर, माझे पाने मांडले होते. आठापासून चोवीसपर्यंत, नंबरानं. दादाचा चौदाचा त्यांच्याच ओळीत, माझ्या चौदाच्या शेजारी, जरा सरकवून. आणि सगळ्यांच्या वर आडवी ठेवलेली आईची फुंकणी, मधे वाकलेली, तिला झेंडूची माळ. सगळ्यावर हळदकुंकू पडून गेलं होतं.

तोंडात आणलेलं भांडण मला गिळावं लागलं.

“आता हात लावायचा न्हाई,” आण्णा पाठमोरे राहूनच म्हणाले. “उद्या सांजच्यापर्यंत. तू बी न्हाई.”

थोड्या वेळानं बाबालालचाचा आणि सिद्धू प्रसादाला आले. आण्णांनी आत आवाज दिला, “अगं, चहा टाक!”

आई दारात येऊन उभी राहिली. हातात काही नाही. “माझं हत्यार झोपलंय. तुमीच पुजलंय सकाळी.”

“चहाला फुंकणी कशाला लागती? गॅस हाय की.”

“हाय की. गॅस जागा हाय, पातेलं जागं हाय,” आई म्हणाली. “आणि तुमीबी जागं हाईसा.”

बाबालालचाचांनी पान थुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. आण्णांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाटाकडं बघितलं. मग इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडत ते स्वयंपाकघरात शिरले.

आई आणि मी दारात उभ्या राहिलो. हात पाठीमागं, बोटांत बोटं.

“आधी आलं ठेचा,” आई म्हणाली.

“गॅस बारीक करा आण्णा, उतू जातंय,” मी म्हटलं.

“साखर किती घालायलाईसा! एवढी नगं.”

“गप बसा की दोघी!” आण्णा ओरडले. “मला जमतंय.”

नव्हतं जमत. चहा पार काळा झाला होता आणि चमचा त्यांनी उलटा धरला होता. पण मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला नाही.